आधी वाट मोजा, मग गाडी बघा: सत्तरीतून फोर-बाय-फोर निवडताना

"जंगलाच्या वाटेवर चालेल अशी फोर-बाय-फोर घ्यायची आहे, कुठली घेऊ?" हा प्रश्न मला वर्षातून पाच-सहा वेळा तरी कुणी ना कुणी विचारतं. फोर-बाय-फोर म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना देता येणारी गाडी. मी आधी उलट विचारते: तुमच्या वाटेतला सगळ्यात वाईट तुकडा कुठला, आणि तो किती लांब आहे? बहुतेकांना सांगता येत नाही. गाड्यांचे व्हिडिओ शंभर पाहिलेले असतात, पण आपल्याच वाटेवर पावसात चालत कुणी गेलेलं नसतं.

आमचं कुळागर, म्हणजे पोफळींची बाग, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, केरीच्या पुढे. घरापासून साडेतीन किलोमीटर, त्यातले तीन डांबरी. शेवटचा अर्धा किलोमीटर मात्र असा: आधी जांभ्याच्या कातळावरचा चढ, मग व्हाळ (ओढा), मग पोफळींच्या सावलीतला कधीच न सुकणारा चिखल. या पाचशे मीटरांसाठी आमच्या घरात चाळीस वर्षं फोर-बाय-फोर आहे. बाबांची महिंद्राची एमएम-540 होती, प्यूजो इंजिनाची. तिच्यावरच मी गाडी शिकले. मग अकरा वर्षं मी मारुतीची जिप्सी चालवली. आता मारुतीचीच जिम्नी आहे, आणि शेजारच्या बागायतीत माझ्या भावाकडे महिंद्राची डिझेल थार. खाली लिहिलंय ते या चार गाड्यांवरून, आणि वाळपईच्या आमच्या गाडी दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रींच्या हाताखाली उभं राहून जे पाहिलं त्यावरून.

जुलैमध्ये मेजपट्टी आणि काठी घेऊन आपल्या वाटेवर पायी जा. मार्चमध्ये जाऊन उपयोग नाही, काजूच्या दिवसांत कुठलीही गाडी कुठेही चढते. चार मापं घ्या. पहिलं, फाटकाची किंवा दोन गडग्यांमधली सगळ्यात अरुंद जागा. आमच्याकडे चिऱ्यांच्या दोन खांबांमध्ये बरोबर सात फूट आहेत, आणि आत शिरताच उजवीकडे वळायचं असतं. जिम्नीची रुंदी 1645 मिलिमीटर, थारची 1800 च्या वर. कागदावर दोन्ही बसतात, पण वळण घेत आत शिरताना थारचा मागचा पंखा (चाकावरचा पत्रा) खांबाला लागतो. भावाने दोनदा लावून घेतला तेव्हा मला ते समजलं. दुसरं माप व्हाळाच्या सगळ्यात खोल जागेचं, पाऊस थांबून दोन तास झाल्यावरचं. तिसरं, दोन चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा किती वर आलाय ते. चौथं, चढ जिथे सुरू होतो तिथला कोपरा, कारण गाडीचं नाक आधी तिथे टेकतं.

तिसऱ्या मापाकडे लोक लक्ष देत नाहीत आणि गाड्या तिथेच अडकतात. कंपनी जी जमिनीपासूनची उंची सांगते, जिम्नीची 210 मिलिमीटर, थारची 226, फोर्सच्या गुरखाची 233, ती पोटाखालच्या सगळ्यात खालच्या भागाची असते. जुन्या धाटणीच्या गाड्यांत तो भाग म्हणजे मागच्या एक्सलवरचा डिफ्रन्शियलचा (डाव्या-उजव्या चाकाला ताकद वाटणाऱ्या गिअरांचा) गोळा. साधारण वीतभर जागा. मधला उंचवटा वीतभर वाढला असेल तर गोळा त्यावर टेकतो, चाकं हवेत फिरत राहतात आणि चारही चाकांची ताकद वाया जाते. अशा वेळी मोठी गाडी घेण्याआधी कुदळ-फावडं घेऊन उंचवटा खणून काढा. एका दिवसाची मजुरी आणि काम झालं.

हे सगळं मोजल्यावर कदाचित तुमच्या लक्षात येईल की फोर-बाय-फोर तुम्हाला लागतच नाही. पर्वरीला राहणारा माणूस महिन्यातून एकदा चोर्ला घाटातून बेळगावला जातो, तो रस्ता डांबरी आहे. तिथे लागतात ते चांगले टायर, चांगले ब्रेक आणि धुक्यात हळू चालवण्याची सवय. किनाऱ्यावर वाळूत चालवायची हौस असेल तर गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेणं बेकायदा आहे, पोलीस गुन्हा नोंदवतात, गाडी ताब्यात घेतात. त्या हौसेसाठी लाखो रुपये घालू नका. वाटेत एखादाच चढ असेल तर तिथे दोन चाकोऱ्या काँक्रीटच्या करून घ्या. माझ्या मावसबहिणीने तेच केलं आणि ती आजही साध्या हॅचबॅकने बागेत जाते.

पण व्हाळ आहे, चिखल आहे, आणि आजारी माणसाला रात्री बाहेर काढायची वेळ येऊ शकते, तर मग गाडी हवीच. 2021 च्या जुलैमध्ये म्हादईला पूर आला तेव्हा सत्तरीत किती घरांची वाट बंद झाली ते आम्ही पाहिलंय.

आता प्रकार समजून घ्या. शोरूममध्ये 'चारही चाकांना ताकद' असं म्हणतात तेव्हा त्यात दोन वेगळ्या गोष्टी येतात. एक ऑल-व्हील-ड्राइव्ह: पूर्वीची डस्टर, हल्लीची ग्रँड व्हिटारा ऑलग्रिप. पुढची चाकं घसरली की ताकद आपोआप मागे जाते. ओल्या रस्त्यावर, सैल मुरुमावर या गाड्या सुखाच्या, पण त्यांना लो रेंज नसतो. दुसरी खरी फोर-बाय-फोर: थार, जिम्नी, गुरखा, जुनी जिप्सी. हिच्यात ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) असते, आणि गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा छोटा दांडा (काही गाड्यांत त्याऐवजी बटण). त्याच्या जागा टू-एच (दोनच चाकांना ताकद), फोर-एच (चारही चाकांना) आणि फोर-एल (चारही चाकांना, पण हळू).

फोर-एल म्हणजे लो रेंज. चाकं तेवढ्याच इंजिनवर कितीतरी हळू आणि जोर लावून फिरतात. लोकांना वाटतं हा चढण्यासाठी आहे. माझ्या मते तो उतरण्यासाठी जास्त मोलाचा. आमच्या कातळावर ऑगस्टमध्ये शेवाळ धरतं. त्यावर ब्रेक दाबला की चाकं थांबतात आणि गाडी घसरत राहते. फोर-एल, पहिला गिअर, दोन्ही पाय पेडलवरून बाजूला: इंजिनच गाडीला धरून ठेवतं आणि ती माणसाच्या चालीने खाली उतरते. बाबा मला पहिल्यांदा उतरवताना नुसतं म्हणत होते, "पाय काढ, पाय काढ." तुमच्या वाटेत असा उतार असेल तर लो रेंज नसलेली गाडी घेऊ नका. उतार नसेल, नुसता चिखल असेल, तर ऑल-व्हील-ड्राइव्हवर भागू शकतं.

खऱ्या फोर-बाय-फोरची एक अट आहे आणि ती विकताना फारसं कुणी सांगत नाही. कोरड्या डांबरावर ती फोरमध्ये चालवायची नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि या गाड्यांत चाकांकडे ताकद नेणारा पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र बांधलेला असतो. चिखलात चाक थोडं घसरून तो फरक भरून निघतो, डांबरावर निघत नाही. सगळा ताण शाफ्टमध्ये आणि ट्रान्सफर केसमध्ये साठतो. गाडी वळताना जड होते, दांडा अडकून बसतो. तसा अडकलाच तर ताकद लावून ओढू नका, गाडी थोडी सरळ मागे घ्या, ताण सुटतो आणि दांडा हलतो.

आणखी एक गैरसमज म्हणजे चार चाकांची गाडी कधीच अडकत नाही. साध्या डिफ्रन्शियलमध्ये ताकद सोप्या बाजूने पळते. पुढचं एक आणि मागचं एक चाक हवेत लोंबकळलं तर तीच दोन फिरत राहतात, जमिनीवरची दोन उभी. त्यासाठी एक्सलची दोन्ही चाकं एकत्र बांधणारा लॉक असतो. गुरखाला पुढे-मागे दोन्हीकडे हाताने लावायचे लॉक आहेत. जिम्नीत लॉक नाही, घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसरीकडे पाठवण्याची सोय आहे. ती काम करते, पण क्षणभर उशिरा, तेव्हा अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल सोडून न देता हलकं धरून ठेवावं लागतं. थारमध्ये मॉडेलनुसार फरक आहे, म्हणून तुमच्या हातात येणाऱ्या नेमक्या गाडीत मागच्या एक्सलला लॉक आहे का हे विचारून, लिहून घ्या.

जिम्नी भारतात 2023 च्या जूनमध्ये आली. तिचं वजन साधारण 1200 किलो, आणि चिखलात हलकेपणासारखा गुण नाही. जिथे थार रुतते तिथे ती तरंगून जाते असं मी अनेकदा पाहिलंय. इंजिन दीड लिटरचं पेट्रोल. पण मागे सामान फारसं मावत नाही आणि काजूबियांची पोती भरून चढावर ती दमते. मागची सीट पाडून मी चार पोती नेते, त्याहून जास्त नाही. 2020 साली आलेली नवी थार वजनाने भारी, पण डिझेलचा जोर असा की भरलेली गाडीही कुरकुर करत नाही. पाण्याची मर्यादा कंपनीने 650 मिलिमीटर सांगितली आहे, गुरखाची 700. एक मात्र बघून घ्या: 2023 च्या जानेवारीपासून थार नुसत्या मागच्या चाकांच्या ताकदीवरही मिळते, आणि पाच दरवाज्यांची थार रॉक्स फोर-बाय-फोर हवी तर ती डिझेलमध्येच. बाहेरून गाडी सारखीच दिसते. आमच्या गावातल्या एकाने जुनी थार घेतली, घरी आणली, मग मला विचारलं की दुसरा दांडा कुठे असतो. तो नव्हताच. सौदा करण्याआधी आत बसा आणि डोळ्यांनी बघा. माल जास्त आणि माणसं कमी असतील तर फोर-बाय-फोर पिकअपचा विचार करा. मात्र लांब गाडी कुळागरात वळवायला जागा लागते.

इंजिन निवडताना मी अंतर विचारते. बीएस-6 (सध्याच्या प्रदूषण नियमांच्या) डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला इंजिन चांगलं तापून गाडी काही वेळ वेगात सलग चालावी लागते. घर ते कुळागर साडेतीन किलोमीटर, तेही थांबत-थांबत, एवढंच रोजचं चालणं असेल तर तो भरत जातो, दिवा लागतो, आणि एक दिवस गाडी जोर काढेनाशी होते. म्हणून मी पेट्रोल घेतलं. भाऊ आठवड्यातून दोनदा फोंड्याला माल घेऊन जातो, त्याचा फिल्टर त्या फेरीत साफ होतो, त्याला डिझेल बरोबर आहे.

आता जुनी गाडी. इथे मी सविस्तर लिहिते, कारण फसगत इथेच होते आणि माझीही झाली.

जिप्सी घेण्याआधी मी एक जुनी फोर-बाय-फोर जवळजवळ घेतलीच होती. रंग चकचकीत, टायर नवे, विकणारा गोड बोलणारा. 10 हजार विसारही दिला. मेस्त्री म्हणाले, "बाय, रंग तू बघितलास, आता मला पोट बघू दे." ते जमिनीवर गोणपाट टाकून खाली सरकले. मागच्या डिफ्रन्शियलच्या गोळ्याला तेल भरायचा एक बूच असतो, तो त्यांनी पान्याने सोडवला, करंगळी आत घातली आणि बाहेर काढून माझ्यासमोर धरली. मला वाटलं होतं काळसर, चिकट तेल असेल. बोटावर होता दूध घातलेल्या चहाचा रंग. ते एवढंच म्हणाले, "पाणी."

त्याचं कारण त्यांनी तिथेच समजावलं. चालून चालून एक्सल तापतो. तापलेला एक्सल थंड व्हाळात शिरला की आतली हवा आकसते आणि बाहेरची हवा ओढून घेते. हवा यायची नळी, ब्रीदर, चिखलाने बुजलेली असेल तर सीलमधून पाणीच आत येतं. तेलात मिसळतं. तेल पातळ होतं, बेअरिंगला गंज लागतो, क्राउन-पिनियनचे (गोळ्यातल्या गिअरांचे) दात खाल्ले जातात. गाडी आणखी सहा महिने चालते आणि मग ऊ-ऊ असा आवाज धरते. ब्रीदरची नळी रबराची, पाच मिनिटांत फुंकून साफ होते. त्या गाडीच्या आधीच्या मालकाने ती कधी पाहिलीच नव्हती. विसार मला परत मिळाला नाही, आणि त्याचं दुःख मी केलं नाही.

तेव्हापासून जुनी गाडी बघताना मी तिन्ही बूच उघडायला लावते: पुढचा डिफ्रन्शियल, मागचा, आणि ट्रान्सफर केस. विकणारा नको म्हणाला तर निघून येते.

दुसरी गोष्ट गंज. गोव्यात तो दोन बाजूंनी येतो. किनाऱ्याजवळच्या गाडीला खारी हवा, आमच्या बाजूच्या गाडीला तांबडी माती. ही माती चासीच्या (गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या) पोकळ पट्टीत जाऊन बसते आणि पाऊस संपला तरी महिनाभर आत ओल धरून ठेवते. बाहेरून चासी धडधाकट, आतून पापुद्रे. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ घेऊन चासी पुढून मागपर्यंत ठोकत जा. चांगलं लोखंड टणटण वाजतं, खाल्लेलं भद भद आवाज देतं. मागच्या स्प्रिंगची किंवा पाट्यांची टोकं चासीला जिथे जोडलेली असतात तिथे आणि पाणी जायच्या भोकांच्या भोवती जास्त ठोका. खाली नुकताच काळा रंग मारलेला दिसला तर मला आधी संशय येतो. तो रंग का मारला, हे नखाने खरवडून बघा.

पर्यटकांना भाड्याने दिलेल्या गाड्या इथे बाजारात पुष्कळ येतात. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या त्या. भाड्याच्या गाडीला फोरमध्ये कसं घालायचं हे न शिकता लोक घेऊन जातात, क्लच जाळतात, खाऱ्या पाण्यात चाकं बुडवतात. सगळ्या वाईट नसतात, पण आरसीवर आधीची नोंद बघा आणि क्लच तपासून घ्या: सपाट जागी हँडब्रेक लावून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच ठीक. फिरत राहिलं तर क्लच प्लेटचा खर्च किमतीतून वजा करा.

मग चालवून बघा, पण डांबरावर नको. मुरुमाच्या मैदानात जा. टू-एचमधून फोर-एच घाला, सरळ पन्नास मीटर जा, मग थांबून न्यूट्रलमध्ये फोर-एल. दांडा खणखणीत बसला पाहिजे आणि गाडी चालताना स्वतःहून बाहेर पडता कामा नये. पहिल्या गिअरमध्ये उतारावर सोडा, पाय काढा. तिथे दांडा उडी मारत असेल तर ट्रान्सफर केसचं काम निघालं म्हणून समजा. पुढच्या शाफ्टला हाताने धरून हलवा, सांध्यातला क्रॉस सैल असेल तर टक टक कळते. नोंदणीला पंधरा वर्षं होत आली असतील तर नूतनीकरणाचा खर्च आणि फेऱ्याही हिशेबात धरा.

जिप्सीचं उत्पादन थांबलं आहे, तरी सैन्याने आणि पोलिसांनी ती इतकी वर्षं वापरल्यामुळे जुने मेस्त्री तिला डोळे मिटून उघडतात. भरवशाची गाडी म्हणजे न बिघडणारी गाडी असं मी मानत नाही, तशी गाडी नसते. जुलैच्या शनिवारी संध्याकाळी बिघडली तर वाळपईत कुणी ती उघडून दुरुस्त करू शकेल का, हा माझा प्रश्न. गाडी ठरवण्याआधी मेस्त्रींकडे जा आणि विचारा, "ही आणली तर तुम्ही हात लावाल का?" आमच्या मेस्त्रींनी एका परदेशी बनावटीच्या सुंदर गाडीबद्दल प्रामाणिकपणे नाही म्हटलं, आणि मी तो विचार सोडला. जमल्यास कुळेलाही एक चक्कर मारा. पाऊस संपल्यावर दूधसागरच्या वाटेवर जीपवाले रोज प्रवासी घेऊन ओढे ओलांडतात. त्यांच्याशी चहा घेत अर्धा तास बोललात तर कुठला भाग किती महिन्यांत जातो ते कळेल. मला एकाने व्हील बेअरिंग आणि ब्रेक लायनिंग ही दोन नावं लगेच सांगितली.

गाडी घेतल्यावर पहिला खर्च टायरांवर करा, दिव्यांवर आणि लोखंडी गार्डवर नको. पुढचा बुलबार तर बेकायदाच आहे. ऑल-टेरेन टायर बहुतेकांना पुरतात. जाड दातांचे मड टायर चिखलात सुंदर, पण ओल्या डांबरावर ब्रेक लागायला जास्त अंतर घेतात, आणि आपलं रोजचं चालणं डांबरावरच असतं. चिखलात शिरण्याआधी मी हवा 20 पीएसआयपर्यंत उतरवते, टायर पसरतो आणि धरतो. बाहेर येताच पुन्हा भरायची, त्यासाठी बारा व्होल्टचा छोटा पंप गाडीतच ठेवते. कमी हवेवर डांबरावर वेगात जाऊ नका, टायर तापून फाटतो.

पाण्यात जाण्याचा माझा नियम कंपनीच्या आकड्यापेक्षा कडक आहे. आधी काठी घेऊन चालत जाते. साठलेलं पाणी गुडघ्यापर्यंत असेल आणि तळ दगडी असेल तर फोर-एलमध्ये, एका संथ वेगाने, न थांबता. वाहतं पाणी गुडघ्याला लागलं तर गाडी घालत नाही, मग घरी काहीही असो. गढूळ पाण्याचा जोर गाडीला आडवं ढकलतो, आणि व्हाळाच्या खालच्या अंगाला काय आहे ते तुम्हाला दिसत नाही. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा चावी फिरवू नका, आत पाणी ओढलं गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ओढून बाहेर काढा, मेस्त्रींना बोलवा. साध्या विम्यात हे नुकसान बहुधा धरत नाहीत, इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. आमच्याकडे ते मी दरवर्षी न चुकता घेते.

उन्हाळ्यात फोर-बाय-फोरची गरज पडत नाही, आणि न वापरलेला दांडा जाम होतो. महिन्यातून एकदा मुरुमावर शंभर मीटर फोर-एच, दहा मीटर फोर-एल चालवा म्हणजे आतलं तेल फिरतं. मे संपताना तिन्ही बूच उघडून तेलाचा रंग बघा, ब्रीदर फुंका, क्रॉसना ग्रीस मारा. पाऊस संपला की गाडी उंचावर चढवून चासीच्या भोकांतून पाण्याचा पाइप आत घाला आणि खालून लाल पाणी येणं थांबेपर्यंत सोडून ठेवा. पहिल्या वर्षी माझ्या जिम्नीतून पाणी स्वच्छ यायला पाऊण तास लागला होता.